आठ कॅमेरे आणि चौथी ज्योत

अमळनेरपासून थोडं आत माझ्या मावशीचं गाव. लग्नसराईत ती खापरावरच्या मांड्यांच्या ऑर्डरी घेते. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: चुलीवर मातीचं मोठं खापर पालथं घालतात. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि एका झोक्यात त्या खापरावर टाकायची. टाकण्याआधी मावशी एकदा वाकून चुलीत बघते. एखादं लाकूड दोन बोटं मागे ओढते, दुसरं जरा आत सारते. मांडा सगळीकडून सारखा भाजला जातो. कडेला कच्चा आणि मधे करपलेला, असा तिच्या हातून कधी झालेला मी पाहिला नाही.

मी तेव्हा जळगावात एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि प्रकल्पाला विषय शोधत होतो. मी म्हणालो, मावशी, तुझा जाळ कुठे जास्त लागतो, कुठे कमी, ते कॅमेऱ्यांनी मोजून दाखवतो. ती पुरण मळता मळता म्हणाली, "भाऊ, जाय मोजाले कॅमेरा कसाले? हातले समजस." (जाय म्हणजे जाळ.)

सरांनी चुलीचा विषय पहिल्या पाच मिनिटांत निकालात काढला. लाकडाचा जाळ पिवळा दिसतो तो काजळीचे कण तापून उजळतात म्हणून. तेच कण मागून येणारा उजेड अडवतातही. म्हणजे जाळाच्या पलीकडच्या बाजूचा उजेड तुमच्यापर्यंत पुरता पोचतच नाही, आणि आपलं सगळं गणित तर उभं आहे आरपार दिसण्यावर. त्यात तो एका जागी दोन क्षण थांबत नाही. "निळ्या ज्योतीपासून सुरुवात कर," सर म्हणाले. "चूल तुझ्या मुलाला करू दे."

गॅसची निळी ज्योत जवळपास पारदर्शक असते. तिच्यात जळण चालू असताना कार्बन-हायड्रोजनचे काही तुकडे क्षणभर उत्तेजित अवस्थेत तयार होतात आणि शांत होताना ४३१ नॅनोमीटरच्या आसपास जांभळट निळा उजेड टाकतात. हा उजेड नुसता गरम झाल्याने येत नाही, रासायनिक क्रियेतून येतो. म्हणून जिथे तो उजेड, तिथे त्या क्षणी जळण चाललंय असं ढोबळमानाने धरता येतं. मोजायचं होतं ते हेच: जळण कुठे चाललंय, तिन्ही मितींत.

थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, खुपसून मोजता येत नाही का, असं मला प्रत्येक प्रेझेंटेशनला कुणी ना कुणी विचारलंच. येतं. पण ती तार गेली की ज्योत तिच्याभोवती वाकते, तार स्वतः उष्णता बाहेर टाकत असल्याने खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवते आणि एका वेळी एकाच बिंदूचं सांगते. कॅमेरा ज्योतीला हात लावत नाही.

कॅमेऱ्याची खोड वेगळी. तो बेरीज करतो. फोटोतल्या एका ठिपक्यात ज्योतीच्या पुढच्या कडेचा, मधला आणि मागच्या कडेचा असा सगळा उजेड एकत्र जमा झालेला असतो. कुठून किती आला, याचा हिशेब फोटोत नाही. ज्योत अगदी गोल, सगळ्या बाजूंनी सारखी असेल तर एका फोटोवर भागतं. बाहेरची कड फक्त बाहेरच्या थराची, ती आधी सोडवायची, मग तिच्या आतला थर, मग त्याच्या आतला. या पद्धतीला कांदा सोलणं असंच म्हणतात, आणि तिच्यामागचं गणित नॉर्वेच्या आबेलने १८२६ मध्ये मांडून ठेवलंय. ज्योत वेडीवाकडी असेल तर मात्र चहूबाजूंनी बघावं लागतं. पुरेशा दिशांनी घेतलेल्या बेरजांवरून आतलं चित्र परत मिळवता येतं, हे राडोनने १९१७ मध्ये सिद्ध केलं. दवाखान्यातलं सीटी स्कॅन त्याच कल्पनेवर चालतं. पहिल्या रुग्णाचं स्कॅन लंडनमध्ये १९७१ मध्ये झालं आणि १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना नोबेल मिळालं. फरक एवढाच की तिथे क्ष-किरण शरीरातून पार जातात, आणि इथे ज्योत स्वतःच उजेड देते.

हे मावशीला सांगायला मी चार वाट्या घेतल्या. दोन पुढे, दोन मागे, अशा चौकोनात ठेवल्या आणि तिची पाठ असताना त्यांत शेंगदाणे टाकून वर झाकण्या ठेवल्या. म्हटलं, पुढच्या दोन वाट्यांत मिळून सात दाणे, मागच्या दोनांत पाच. डावीकडच्या दोनांत आठ, उजवीकडच्या दोनांत चार. आता सांग, कुठे किती? तिने बोटांवर मोजलं. चार-तीन, चार-एक बसलं. मग पाच-दोन, तीन-दोनही बसलं. अशी पाच उत्तरं निघतात. तेव्हा मी म्हटलं, पुढची डावी आणि मागची उजवी, या तिरप्या जोडीत सात आहेत. लगेच एकच उत्तर उरलं: पुढे पाच आणि दोन, मागे तीन आणि दोन. मावशीने झाकण्या काढून खात्री केली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाली, "मंग पहिलेच तिरपं देखानं व्हतं ना."

हे वाक्य मी तेव्हाच गंभीरपणे घ्यायला हवं होतं. सांगतो पुढे.

मोठ्या प्रयोगशाळांत या कामाला प्रतिमा उजळवणारे महागडे कॅमेरे असतात. नाहीतर केसाएवढ्या हजारो काचतंतूंचे गठ्ठे वापरून अनेक बाजूंची दृश्यं एकाच कॅमेऱ्यावर आणतात. हे दुसरं फार हुशारीचं आहे, कारण सगळ्या बाजू आपोआप एकाच क्षणी टिपल्या जातात. आमच्याकडे, म्हणजे मी आणि प्रकल्पातला माझा जोडीदार यांच्याकडे, होते जुने आठ वेबकॅम, वर्कशॉपमागची पत्र्याची शेड आणि मे महिना.

वेबकॅम स्वतःला शहाणा समजतो. अंधार दिसला की एक्स्पोजर वाढवतो, निळं दिसलं की व्हाइट बॅलन्स बदलून ते पांढरं करायला बघतो. म्हणजे नेमका आपल्याला हवा तो निळा रंग खातो. हे सगळे ऑटो पर्याय एकेका कॅमेऱ्यात हाताने बंद करायला दोन दिवस गेले. आठही एका लॅपटॉपला लावले तर यूएसबी गुदमरायची आणि तिसऱ्या कॅमेऱ्यानंतर चित्रच येईना. शेवटी लॅबमधले चार जुने कॉम्प्युटर ओढून आणले आणि प्रत्येकाला दोन-दोन जोडले. ४३० नॅनोमीटरचा फिल्टर एक मागवला होता, आठ परवडणार नव्हते. विकणाऱ्याने दुसऱ्याच तरंगलांबीचा पाठवला आणि परतीचं पार्सल आजही कुठेतरी फिरत असावं. आम्ही चित्राचा फक्त निळा भाग घेऊन काम भागवलं. त्यात शेजारचा थोडा परका उजेड मिसळतो, हे प्रबंधात कबूल केलं.

बर्नरला तांब्याच्या तीन नळ्या, त्रिकोणात उभ्या. मुद्दामच तीन, म्हणजे कांदा सोलून उत्तर निघणार नाही. पाच किलोच्या सिलेंडरमधून गॅस, कॉम्प्रेसरमधून हवा, दोन्ही रोटामीटरमधून मोजून घेतलेली, आणि ज्योत उलटी आत शिरू नये म्हणून वाटेत अरेस्टर. एक भाग प्रोपेन पुरता जळायला सुमारे २४ भाग हवा लागते, ब्युटेनला ३१. आपल्या सिलेंडरमध्ये दोघांचं मिश्रण. हवा कमी पडली की टोकं पिवळी व्हायची, जास्त झाली की ज्योत नळीवरून उडून विझायची. मधली अरुंद जागा सापडली की तीन छोटे निळे शंकू स्थिर उभे राहायचे. दिसायला फार देखणे. पहिल्या रात्री आम्ही दोघं नुसते बघत बसलो.

कॅमेऱ्यांचे स्टँड थ्रीडी प्रिंटरवर बनवले होते. पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. पुस्तकात वाचलं होतं, पण बाहेर पंचेचाळीस, वर तापलेला पत्रा आणि समोर बर्नर असं एकत्र करून कुणी पाहिलं होतं? सकाळी मोजमाप जुळायचं, दुपारी सगळं फिस्कटायचं. तिसऱ्या दिवशी कळलं की पाच नंबरचा कॅमेरा, झोप आल्यावर मान पडते तसा, खाली झुकलाय. एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी एक गोल रिंग आणि लोखंडी अँगलचे आठ पाय करून दिले. "आता याच्यावर ट्रॅक्टर चढव," म्हणाले. पैसे घेतले ते फक्त लोखंडाचे.

मग कॅमेरे नेमके कुठे उभे आहेत आणि कुठे बघताहेत, ते मोजायचं, म्हणजे कॅलिब्रेशन. त्यासाठी बुद्धिबळाच्या पटासारखा काळ्यापांढऱ्या चौकटींचा बोर्ड ज्योतीच्या जागी वेगवेगळ्या कोनांत धरतात आणि आठही कॅमेऱ्यांनी त्याचे फोटो घेतात. चौकटींच्या कोपऱ्यांवरून प्रत्येक कॅमेऱ्याची जागा आणि रोख निघतो. बोर्ड झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. चौकट २० मिलीमीटरची हवी होती. व्हर्नियरने मोजली तर १९.२. दुकानदाराने पानात बसावं म्हणून सवयीने आकार कमी केला होता. दुसऱ्यांदा समोर उभं राहून छापून घेतला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि रात्रभर शेडमध्ये ठेवला. शेडमध्ये कूलर. सकाळी पुठ्ठा पापडासारखा वर आलेला. शेवटी फोटो फ्रेमवाल्याकडून जाड काचेवर चिकटवून घेतला. आणि तेव्हापासून कूलर बंद, कारण त्याच्या वाऱ्याने ज्योतही डुलायची. जळगावच्या मे महिन्यात पत्र्याखाली कूलर बंद ठेवून काम करणं काय असतं, ते खान्देशी माणसाला सांगायला नको.

म्हणून आम्ही रात्री काम करू लागलो. अंधारही आयता मिळाला. पण जूनचा पहिला पाऊस पडून गेला आणि पाखरं आली. ज्योतीवर झेप घेतलेलं एकेक पाखरू म्हणजे फोटोत पांढरी रेघ. आम्ही प्रत्येक कॅमेऱ्याचे दोनशे-दोनशे फोटो घेऊन त्यांची सरासरी काढत होतो, तरी त्या रेघा डोकावायच्या. जोडीदाराने शेडच्या दुसऱ्या टोकाला साठचा बल्ब लावून पाखरांना तिकडे वळवलं. त्या बल्बचा उजेड मग चार नंबरच्या कॅमेऱ्यात. पुठ्ठ्याचा आडोसा केला. असं चालायचं.

सरासरी चालून गेली ती ज्योत स्थिर होती म्हणून. एकदा हौसेने मेणबत्ती ठेवून पाहिली. मोकळी पिवळी ज्योत सेकंदाला साधारण दहा-पंधरा वेळा फडफडते आणि आमचे कॅमेरे सेकंदाला तीस चित्रं घेणारे, तेही आपापल्या घड्याळाने. आठ कॅमेऱ्यांनी आठ वेगवेगळ्या क्षणांची ज्योत टिपली आणि त्यातून जे निघालं ते भिजलेल्या फडक्यासारखं होतं. परत त्या वाटेला गेलो नाही.

आता गणित. ज्योतीभोवतीची ६० बाय ६० बाय ९० मिलीमीटरची जागा घेतली आणि तिचे एक-एक मिलीमीटरचे ठोकळे पाडले. ठोकळे झाले ३,२४,०००. प्रत्येकातून किती उजेड येतो ते शोधायचं. आठ कॅमेऱ्यांच्या चित्रांतले कामाचे ठिपके मिळून १,७२,८००. म्हणजे अज्ञातं सव्वातीन लाख आणि समीकरणं पावणेदोन लाखांच्याही आत. मावशीच्या चार वाट्यांचाच घोळ, मोठ्या पंगतीत. सोडवायची रीत मात्र साधी आहे, पोलंडच्या काचमार्झची, १९३७ ची. सगळ्या ठोकळ्यांत शून्य घालून सुरुवात करा. एक ठिपका घ्या, तो ज्या रेषेत बघतो त्या रेषेवरच्या ठोकळ्यांची बेरीज करा. फोटोतल्या आकड्याशी ताडून बघा. जेवढा फरक पडला तेवढा त्या रेषेवरच्या ठोकळ्यांत वाटून टाका. पुढचा ठिपका. कुठलाही ठोकळा उणे झाला तर शून्य करा, कारण उणे उजेड नसतो. सगळे ठिपके संपले की पुन्हा पहिल्यापासून. १९७० मध्ये हीच रीत टोमोग्राफीसाठी, म्हणजे अशा बेरजांवरून आतले काप काढण्यासाठी, नव्याने मांडली गेली आणि तिथून सगळीकडे पसरली. उधारीची वही जुळवताना आमचे किराणावाले काका हेच करतात, फक्त त्यांना ठोकळे तीन लाख नसतात.

रात्री अडीचला पहिलं उत्तर आलं. नळ्यांच्या तोंडापासून चार मिलीमीटर वरचा आडवा काप उघडला. काळ्या पडद्यावर तीन उजळ कडी. आम्ही ओरडलोच. मग जोडीदार म्हणाला, "हे चौथं काय?"

तीन कड्यांच्या बाजूला एक धूसर चौथा डाग होता. तिथे नळी नव्हती. गॅस नव्हता. पण कापामागून काप तो डाग तिथेच, ज्योतीसारखाच वर निमुळता होत गेलेला. पुढचे आठ दिवस आम्ही त्या भुतामागे. प्रोग्रॅम तपासला. कॅलिब्रेशन तीनदा केलं. कुठून परावर्तन येतंय का म्हणून काकांची चकचकीत रिंग काळी रंगवली. भूत जागेवर.

सापडलं ते अपघाताने. जोडीदार प्रबंधासाठी आकृती बनवत होता. आठही फोटो एका ओळीत लावताना त्याच्याकडून एक नंबरचा फोटो चुकून उलटा, आरशातल्यासारखा पडला. तो पाच नंबरच्या फोटोशी तंतोतंत जुळला. दोन आणि सहा, तेच. तीन आणि सात, तेच. आम्ही रिंगवर आठ कॅमेरे पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर, देवळाच्या खांबांसारखे सुबक बसवले होते. म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याच्या बरोबर समोर दुसरा. आणि आरपार दिसणाऱ्या ज्योतीची बेरीज पुढून केली काय आणि मागून केली काय, तीच येणार! पुढून पाच अधिक तीन, मागून तीन अधिक पाच. आठ कॅमेऱ्यांचा खर्च, आठांचं कॅलिब्रेशन, आणि दृश्यं खरी चारच. चार दिशांच्या रेषा जिथे योगायोगाने एकमेकींना छेदत होत्या, तिथे गणिताने थोडा उजेड वाटून दिला होता. चौथी ज्योत ती. मावशीने तर आधीच सांगितलं होतं, तिरपं बघा म्हणून.

सरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "मी पण ती रिंग रोज बघत होतो रे."

दुसऱ्या दिवशी कॅमेरे अर्ध्या वर्तुळात आणले, साडेबावीस-साडेबावीस अंशांवर. रिंगला नवी भोकं पाडायला पुन्हा काका. दिसायला आता ते एकीकडे झुकलेलं, अर्धवट काम वाटत होतं, आणि बघायला आलेला प्रत्येक जण उरलेले कॅमेरे कुठे गेले ते विचारायचा. ज्योत लावण्याआधी या वेळी एक बारीक एलईडी व्हर्नियरच्या जबड्यात पकडून पाच-पाच मिलीमीटर सरकवत नेला आणि गणित त्याची जागा काय सांगतं ते पाहिलं. एक मिलीमीटरच्या आत-बाहेर. चौथी ज्योत गेली. कडी मात्र जाड दिसत होती, तीनेक मिलीमीटर, जेव्हा खरा जळणाचा थर एक मिलीमीटरही जाडीचा नसतो. ठोकळेच मिलीमीटरचे आणि दृश्यं आठ, त्यात तेवढंच होणार.

पण आता वेगळंच दिसायला लागलं. तीनपैकी एक कडं फिकं आणि जरा बुटकं होतं. डोळ्यांना तिन्ही शंकू सारखे दिसत होते. ज्योती इतक्या जवळजवळ होत्या की कुठूनही बघा, एक दुसरीवर चढलेली. आधीच्या भुताने हात पोळलेले, त्यामुळे मी लगेच म्हणालो, हाही गणिताचाच खेळ. जोडीदार म्हणाला, बर्नर फिरवून बघू. कॅमेऱ्यांची चूक असेल तर फिकं कडं जागेवर राहील, नळीची असेल तर नळीबरोबर फिरेल. बर्नर १२० अंश फिरवला. पुन्हा दोनशे फोटो, पुन्हा रात्रभर गणित.

सकाळी काप उघडला. फिकं कडं नळीबरोबर गेलं होतं.

बर्नर थंड होता. मी ती नळी सोडवली आणि उजेडाकडे धरून आत पाहिलं. कापताना आत वळलेला तांब्याचा एक बारीक कंगोरा, नखाच्या कडेएवढा, अर्ध्या वाटेवर आडवा. सुईने दाबला तर कट्ट करून तुटला आणि तळहातावर पडला. जोडीदाराला दाखवायला मी हात लांब केला आणि कोपर तीन नंबरच्या कॅमेऱ्याला लागला.

त्याने काही न बोलता काचेचा बोर्ड काढला, फडक्याने पुसला आणि ज्योतीच्या जागी धरून उभा राहिला.